मास्तरांचा निळा टाका

ये, आधी अशी जवळ बस. कागद हातात घेऊन उभ्या उभ्या वाचू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, गॅसवर दूध, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मावशीचं पत्र. दूध उतरव, फोन पालथा ठेव आणि ऐक. मी रागावणार आहे तुझ्यावर, पण थोडंसंच.

तुझी आई परवा बोलता बोलता म्हणाली, पोरीने कपाट आवरलं, बाबांचे जुने शर्ट बोहारणीला दिले आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेतला. डबा चांगलाच असेल. पण मला सांग, त्या शर्टांत एक मलईच्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा होता का गं? खिसासुद्धा नसलेला? होता ना. तुझ्या बाबांना तो आता पोटावर बसत नाही हे खरं, पण म्हणून बोहारणीला? अगं बाई! काय दिलंस ते तुला माहीत नव्हतं, म्हणून तुला माफ आहे. मला सगळं माहीत असून मी जे केलं ते कुणाच्या पदरात टाकू, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तो शर्ट मास्तरांनी शिवला होता. तुझ्या बाबांच्या साखरपुड्याला. मास्तरांचं नाव लिहीत नाही. कपड्यावर नाव लावलेलं त्यांना खपायचं नाही, कागदावर तरी मी कशाला लावू?

उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात आमचा, म्हणजे मास्तरांचा, कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, सहा मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि एक इस्त्री. खाली पापडाचं दुकान, त्यामुळे आमच्या प्रत्येक शर्टाला मिऱ्याचा वास. मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने जायचे, काज-बटण करायला. बावीस वर्षं केलं. मशीनचं काज मास्तरांना चालायचं नाही. म्हणायचे, "ताई, मशीनचं काज म्हणजे कापडाला केलेली जखम. हाताचं काज म्हणजे डोळा."

दिसायला काडीसारखे. गळ्यात टेप, कानावर खडू. माझ्या मुलाच्या लग्नात जेवायच्या पंगतीतसुद्धा टेप गळ्यात, वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोळे वटारले तेव्हा काढली आणि ताटाखाली ठेवली. स्वतःच्या शर्टाला खिसा नाही. का, तर "खिसा दिला की माणूस त्यात काहीतरी कोंबतो आणि शर्टाचं तोंड वाकडं होतं." मग चष्म्याचं घर, किल्ल्या, फोन, सगळं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. फोन वाजला की मास्तर आधी भाजीचा डबा काढायचे, मग चपात्या, तोवर रिंग बंद. भेंडीचं तेल लागलेल्या त्या फोनवर ते मोठ्यांदा ओरडायचे, "हां बोला, जेवत नव्हतो!"

आणि खोड काय, तर कुठलाही कपडा दिसला की आधी उलटा करायचा. उलटा करून शिवण बघायची, मग सुलटा. "बाहेरून जग बघतं, आतून अंग बघतं," असं म्हणत. कच्ची कड कुठे दिसली की चेहरा असा करायचे की जेवणात केस सापडला. त्याच लग्नात माझ्या मुलाच्या भाड्याच्या शेरवानीचा घेर त्यांनी स्टेजवर आशीर्वाद देता देता उचलून पाहिला आणि व्याह्यांच्या देखत म्हणाले, "आत काहीच नाही हो, नुसता फुगा आहे." विहीणबाईंना वाटलं नवऱ्यामुलालाच म्हणाले. ते निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले.

आता उल्हासनगर तुला ठाऊक आहे. जगात जे काही निघतं ते आठ दिवसांत आमच्याकडे मिळतं, नाव जरा पुढेमागे असेल तेवढंच. आमच्या कारखान्याच्या मागे नाला आहे, त्याच्या पाण्याकडे बघून फॅशन कळायची. जीन्स चालली की नाला निळा, रंगीत जीन्स निघाली की एक दिवस लाल, एक दिवस हिरवा. शेजारचे सिंधी सेठ गठ्ठ्याने लेबलं विणून घ्यायचे, लंडनची, पॅरिसची, जिथली म्हणशील तिथली. चांगला माणूस, दिवाळीला आम्हा सगळ्यांना मिठाई आणि मास्तरांना वेगळा सुकामेव्याचा डबा. रोज चहाला यायचे आणि तेच बोलायचे.

"मास्टर, साईं, तू देवमाणूस है. पर धंदे में देव का क्या काम? एक लेबल ठोक दे, बस."

"सेठ, कपडा ओरडायला लागला की आतल्या माणसाला गप्प बसावं लागतं."

"हां, तो गप्प बैठ ना! कपडा बेचेगा तेरे लिए!"

दोघं हसायचे. चहा संपायचा. मास्तर लेबल लावायचे नाहीत.

पण एक गोष्ट करायचे, ती सेठनाही माहीत नव्हती. शर्ट पूर्ण झाला, इस्त्रीच्या आधी मास्तर तो मांडीवर घेत, उलटा करत, आणि डाव्या बाजूच्या शिवणीच्या अगदी तळाशी, आतून, निळ्या दोऱ्याचा एक टाका घालत. एकच. तांदळाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. मी कितीतरी वर्षं विचारलं नाही. मग एका शुक्रवारी लाईट गेली, आमच्याकडे शुक्रवारी जायचीच, मशिनी बंद, कारागीर खाली गप्पा मारत बसलेले, तेव्हा आपणहून बोलले.

त्यांची आई धम्मदीक्षा घ्यायला निघाली तेव्हा मास्तर कडेवर होते. सगळ्यांनी पांढरं नेसायचं ठरलेलं. घरात पांढरं लुगडं एकच, आणि तेही खाली काठाजवळ फाटलेलं. शिवायला पांढरा दोरा नाही. वडील अंबरनाथच्या कारखान्यात हेल्पर. मग आईने काय केलं, वडिलांच्या निळ्या डांगरीची शिवण एका बाजूला उसवली, त्यातला दोरा ओढून काढला आणि त्या दोऱ्याने लुगडं टाचलं. टाचलेलं बरोब्बर निऱ्यांत जाईल असं नेसली. दिवसभर, एवढ्या माणसांत, एक हात निऱ्यांवर आणि एका हातात हे.

"म्हणायची, त्या दिवशी माझ्याएवढं चांगलं कुणी नेसलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "कुणाला दिसलं नाही ना! पांढऱ्यात निळा टाका होता, पण जगाला पांढरंच दिसलं."

मग लाईट आली आणि ते उठले. मला म्हणाले नाहीत की कुणाला सांगू नका. सांगायला लागतं का गं असं?

आता ती बाई आली त्याचं सांगते. मुंबईची. मराठीच होती, पण मराठीची सवय मोडलेली. अंगात साधा करड्या रंगाचा शर्ट, कानात काही नाही, हातात काही नाही. मला वाटलं कुणाकडे काम मागायला आली असेल. मास्तरांनी तिच्या कॉलरकडे बघितलं आणि स्वतःची खुर्ची पुसून दिली. नंतर मला म्हणाले, "ताई, त्या शर्टाचं कापड तुमच्या-माझ्या घरापेक्षा महाग आहे."

तिला तसेच शर्ट हवे होते. लेबल नको, चमक नको, खिसा नको. मातकट, मलई, राख, असे रंग. "आता हेच चाललंय मास्तरजी, क्वाएट लक्झरी. लोगोवाले कपडे म्हणजे एकदम चीप वाटतात."

"म्हणजे काय असतं?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे... श्रीमंती असावी, पण ती दाखवायची नाही. ज्याला कळतं त्यालाच कळते."

मास्तरांनी टेबलावरचा खडूचा चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाले, "आमची आई गरिबी दिसू द्यायची नाही. तुम्हाला श्रीमंती दिसू द्यायची नाही. शिवण तीच लागेल."

त्या बाईने तेव्हाच्या तेव्हा एक शर्ट उचलला आणि काय केलं सांगू? उलटा केला. आत बघितलं. "ओ माय गॉड" म्हणाली. मास्तरांचं तोंड मी त्या दिवशी पाहिलं. पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाचा शर्ट पहिल्यांदा कुणीतरी उलटून बघत होतं.

दोन वर्षं चाललं बघ. दोन मशिनी वाढल्या, आठ कारागीर झाले. नाल्याचं पाणीसुद्धा चहासारखं झालं, सगळी गल्ली मातकट रंग काढायला लागली होती ना! मास्तर आरशात बघायला लागले. वहिनींना म्हणाले, थांब, एवढी थंडी जाऊ दे, तुझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा बायकी कपडा शिवतो. शिवला नाही, ते वेगळं.

आणि त्यातच माझ्या हातून ते झालं.

मास्तर मोतीबिंदू काढायला कल्याणला गेले होते. बाई माल बघायला आली. माझ्यासमोर एकेक शर्ट उलटा करत होती, आणि तिला टाका दिसला. मग दुसऱ्यातही दिसला. तिसऱ्यातही. कपाळाला आठ्या. "हे काय आहे? ब्ल्यू थ्रेड? सगळ्या पीसमध्ये डिफेक्ट? हा लॉट नाही घेता येणार मला." टेबलावर पन्नास शर्ट पडलेले, आठ कारागीर मान वर करून माझ्याकडे बघतायत. मी म्हणाले, डिफेक्ट नाही हो मॅडम, थांबा. आणि सांगितलं. लुगडं, डांगरी, निऱ्या, सगळं. घाबरून सांगितलं म्हणू? तेवढंच नव्हतं, खोटं कशाला लिहू. मला मिरवायचं होतं. आमचे मास्तर कोण आहेत ते त्या बाईला कळावं असं वाटत होतं. चांगलं रंगवून सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन पुढे धरला आणि म्हणाली, मावशी, परत एकदा सांगाल? मी पदर नीट केला आणि परत सांगितलं.

मास्तर काळा चष्मा लावून परत आले त्याच आठवड्यात बाई कार्ड घेऊन आली. जाड, मलईच्या रंगाचं, शर्टाला लटकवायचं. त्यावर गोष्ट छापलेली, एका आईच्या पदराची आणि एका निळ्या टाक्याची. मास्तरांनी चष्मा काढला, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तरी काढला, आणि कार्ड डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं.

"पदर नव्हता," म्हणाले. "निऱ्या होत्या."

"हो, पण पदर जरा जास्त..." बाई म्हणाली.

मास्तर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगितलंत?"

"हो, मास्तर."

"बरं."

एवढंच. शिवी घातली असती तर मी रडून मोकळी झाले असते. त्या 'बरं'चं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

बाईचं आणखी एक होतं. टाका तळाशी नको, बाहीच्या कफाला आतून घ्या, म्हणजे बाही दुमडली की जरासा दिसेल.

"दिसला तर तो टाका नाही राहिला," मास्तर म्हणाले. "लेबल झालं."

"थोडासाच दिसेल मास्तरजी. ज्याला कळतं त्याला."

मास्तरांनी मशिनींकडे पाहिलं. आठ माना खाली. त्यातल्या दोघांनी गावाकडून बायका-मुलं नुकतीच आणली होती. मास्तर मला म्हणाले, "घाला ताई. तुम्हीच घाला." निळ्या दोऱ्याचं रीळ माझ्यासमोर ठेवलं. त्यानंतर मी त्यांना निळा दोरा हातात घेताना पाहिलं नाही. किती कफांवर किती टाके घातले मी, देवाला माहीत. माझ्या बोटाला त्या सुईचा घट्टा पडलाय, आलीस की दाखवीन.

पुढचं तुला अंदाजाने कळेल, तू इथलीच आहेस. बाहीवर निळा टाका असलेल्या कुणा मोठ्या माणसाचे फोटो फिरले म्हणे. लोक उन्हाळा नसताना बाह्या दुमडून फिरायला लागले. दाखवायचं नव्हतं ना, मग बाह्या कशाला दुमडता रे? आणि महिन्याभरात गल्लीतल्या भरतकामाच्या मशिनींवर निळा टाका सुरू झाला. आपल्या लोकांचा हिशोब सरळ, एक टाका चांगला तर पाच आणखी चांगले. कफावर, कॉलरवर, खिशावर. हो, खिसा लावून त्यावर! आणि आतून नाही, बाहेरून. आत घातलेला दिसणार कसा, गिऱ्हाईक विचारेल ना!

सेठ स्वतः एक शर्ट घेऊन आले. कागदात बांधलेला, वर पेढ्यांचा पुडा. "मास्टर, देख! तेरा धागा! पूरे मार्केट में तेरा धागा चल रहा है, साईं!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, आनंदाचं. मास्तरांनी शर्ट घेतला. मी वाट बघत होते, उलटा करतील. केला नाही. घडी तशीच ठेवली आणि म्हणाले, "सेठ, चहा घ्या."

मग निळ्या टाक्याचे शर्ट स्टेशनबाहेर हातगाडीवर ढिगाने आले. ज्या दिवशी हातगाडीवर आले त्या दिवशी त्या मुंबईवाल्यांसाठी ते मेले, असं माझी सून म्हणते, ती फोनवर रील्स बघते. बाईचा निरोप आला. आता मूड बदललाय, लोकांना कंटाळा आलाय, आता सोनेरी, टिकल्या, मोठी अक्षरं, पाठीवर मोठं नाव. मास्तरजी, करून द्याल ना? मास्तरांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, "लिहा की आम्हाला ओरडता येत नाही." मी तसं लिहिलं नाही. लिहिलं, जमणार नाही, माफ करा. अंगठ्याचं चित्र आलं उत्तराला.

माल गोण्यांतून परत आला. कारागीर एकेक करून गेले, पाया पडून गेले. मशिनी गेल्या. कटिंगचं टेबल जिन्यातून उतरेना, ते तिथेच कापावं लागलं. कापताना मास्तर खाली पापडाच्या दुकानात जाऊन बसले. नाला म्हणशील तर आता परत रंगीत झालाय.

मास्तर वांगणीला मुलाकडे राहायला गेले. वहिनी त्याआधीच वारल्या होत्या, तो न शिवलेला कपडा तसाच राहिला. नवीन इमारत, चौथा मजला, खिडकीतून शेत दिसतं आणि शेतात पुढच्या इमारतीचा खड्डा. मी गेले भेटायला. दार उघडलं त्यांनीच, आणि अंगात काय होतं? हातगाडीवरचा शर्ट. कफावर, कॉलरवर, खिशावर निळे टाके. मुलाने आणला होता. बिचाऱ्याला वाटलं, बाबांना आवडेल, बाबांचीच डिझाईन आहे.

मास्तरांनीच शर्टाची कड उलटून दाखवली. "बघा ताई, आतून नुसता दोरा लोंबतोय." आणि हसले. मग खिशात हात घातला. त्या खिशात चष्मा होता. मी मास्तरांच्या शर्टाच्या खिशात चष्मा पाहिला गं.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी हातात दिलं. पांढरा शर्ट. शेवटचा, कारखाना आवरताना मुलासाठी शिवलेला, वैशाख पौर्णिमेला घालायला. बटणं लावलेली, काज हाताची, स्वतः केलेली, जरा वाकडी. डोळे तसे राहिले नव्हते. "टाका राहिलाय ह्यात," म्हणाले. "माझ्याने होईना. निळा दोरा घेतला की ते कार्ड डोळ्यांसमोर येतं. तुम्ही घाला. पहिल्या जागी. आणि पौर्णिमेच्या आत पोराला द्या."

मी आणला घरी. आणि घातला नाही. रोज ट्रंकेतून काढायचे, मांडीवर घ्यायचे, परत ठेवायचे. ज्या हातांनी त्याचं लेबल केलं त्याच हातांनी घालू? आज नको, उद्या. पौर्णिमा आली तशी गेली. मग पाऊस गेला. आणि दिवाळीच्या आधी मुलाचा फोन आला, बाबा सकाळी चहा पिता पिता गेले. मी वांगणीला गेले तेव्हा अंगावर कपडा घातलेलाच होता, नवा, पाकिटातून काढलेला, घड्या दिसत होत्या. शिवण बघायची हिंमत झाली नाही. हातातली पांढऱ्या शर्टाची पिशवी मी तशीच परत घेऊन आले.

आता कळलं, त्या मलईच्या शर्टासाठी माझा जीव का तुटतोय? तो माझ्या टाक्यांच्या आधीचा होता. त्यात मास्तरांच्या हाताचा टाका होता, त्या जागी, तेवढा. तळापासून किती वर, आडवा की जरा तिरका, मला एकदा बघायचं होतं. बावीस वर्षं शेजारी बसले आणि आता डोळ्यांसमोर येत नाही.

तर असं कर. बोहारीण तुमच्या बदलापूरच्या कुळगावला दर आठवड्याला येते ना, तिला विचार. त्या बायका कपडा लगेच विकत नाहीत, घरी नेऊन निवडतात. तुझा डबा परत दे, वर माझं पितळी पातेलं दे, पण विचार. सापडला तर घेऊन ये. नाही सापडला तरी ये. बदलापूर ते अंबरनाथ एक स्टेशन, आणि दिवाळीपासून तुझं तोंड दिसलेलं नाही मला. वैशाख पौर्णिमा परत जवळ आली आहे, ह्या वेळी मला तो शर्ट वांगणीला पोचवायचा आहे. दोरा काढून ठेवलाय, सुईही, पण नेढं काही दिसत नाही. सुनेला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, कशाला.

तू ये आणि सुई ओवून दे. मग तोंड तिकडे कर, खिडकीकडे बघ, मी टाका घालीपर्यंत. मास्तरांच्या मुलाला मी नुसता पांढरा शर्ट आहे एवढंच सांगणार आहे. ये लवकर.